सिस्टीम मॉडेलिंगच्या टूलमध्ये लॉजिक आणि ऑब्जेक्ट एकत्र नांदवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या टीमने दोन डेटा सेंटरांचे मॉडेल करणारे एक अंतर्गत टूल जावामध्ये लिहिले आहे. सर्व्हर, स्विच, रॅक, व्हर्च्युअल मशीन, सेवा हे सगळे त्यात क्लास, म्हणजे वस्तूंचे साचे आहेत, आणि प्रत्येक प्रत्यक्ष वस्तू हा त्या साच्यातून घडलेला ऑब्जेक्ट. ‘हा स्विच बंद पडला तर कोणत्या सेवा जातील’, ‘एकाच डेटाबेसच्या दोन्ही प्रती एकाच रॅकमध्ये तर नाहीत ना’ असे प्रश्न त्याला विचारले जातात, आणि त्यांची उत्तरे काढणारा कोड आता निरनिराळ्या क्लासच्या मेथडमध्ये, म्हणजे क्लासला जोडलेल्या कृतींमध्ये, इतका विखुरला आहे की एक नियम बदलायचा तर चार-पाच फाइली उघडाव्या लागतात. एका सहकाऱ्याने प्रोलॉग ही लॉजिक प्रोग्रामिंगची भाषा सुचवली आहे, दुसऱ्याने ड्रूल्स हे जावामधले नियमांचे इंजिन, आणि प्रोलॉगला ऑब्जेक्ट जोडणाऱ्या लॉगटॉकबद्दल वाचल्यावर सगळे टूलच त्यात नव्याने लिहावे का, असा विचार तुमच्या मनात आला आहे. पुढे याच मॉडेलवर क्षमतेचे सिम्युलेशनही करायचे आहे.

भाषेच्या निवडीकडे मी नंतर येतो, कारण तुमच्या वर्णनावरून मूळ अडचण भाषेची दिसत नाही. ‘एकाच डेटाबेसच्या दोन प्रती एका रॅकमध्ये नसाव्यात’ हा नियम नेमका कोणाचा, हे स्वतःला विचारून पाहा. तो डेटाबेसचा म्हणावा, तर डेटाबेसला रॅकची खबर असण्याचे कारण नाही. रॅकचा म्हणावा, तर आपल्यातल्या सर्व्हरवर काय चालते याची उठाठेव रॅकने का करावी? ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत प्रत्येक कृतीला मालक लागतो, आणि असा बिनमालकीचा नियम शेवटी त्या दिवशी ज्याने जी फाइल उघडली होती तिच्यात जाऊन बसतो. लॉजिक प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे विधाने आणि नियम लिहून उत्तर शोधण्याचे काम इंजिनावर सोपवण्याच्या पद्धतीत, हा पेच पडत नाही, कारण तिथे नियम वस्तूंमधल्या संबंधाविषयी असतो आणि त्याला मालकाची गरज नसते. मात्र लॉजिक उलट एक प्रश्न विचारते, जो तुमच्या ऑब्जेक्टनी आजवर कोणाला विचारलेला नाही: हे कोणत्या क्षणी खरे आहे? ऑब्जेक्टची अवस्था बदलत राहते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तर्काला मात्र पायाखालची विधाने स्थिर लागतात. नियमाचा मालक कोण आणि विधानाचा क्षण कोणता, या दोन प्रश्नांची उत्तरे तुमच्या रचनेत स्पष्ट असली, तर बाकीची जुळवाजुळव मेहनतीची असली तरी अवघड नाही.

माझे पुढचे म्हणणे तुम्हाला कितपत लागू पडेल, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. मॉडेलमध्ये काही हजार घटक असतील तर वेगाची काळजी जवळजवळ सोडून द्यावी. कोट्यवधी संबंध असतील तर प्रोलॉगऐवजी सुफ्लेसारखे कंपाइल होणारे डेटालॉगचे (प्रोलॉगच्या साध्या, मर्यादित रूपाचे) इंजिन पाहावे लागेल. माहिती रात्रीतून एकदा गोळा होते की क्षणोक्षणी येत राहते, यानेही बराच फरक पडतो. नियम प्रोग्रामर लिहिणार की ऑपरेशन्सची माणसे, आणि नुसते उत्तर पुरे आहे की त्यामागचे कारणही दाखवावे लागते, हेही ठरवून घ्यावे. दोन डेटा सेंटर आणि रात्रीची एक आयात, असे तुमचे चित्र मी गृहीत धरतो आहे.

या दोन विचारसरणींचे मूळ पाहिले तर त्यांच्यातला ताण कुठून येतो ते कळते. ऑब्जेक्टची कल्पना सिम्युलेशनमधून आली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांनी सिम्युला ६७ घडवली तेव्हा क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचे गुण घेणे) या गोष्टी काळाबरोबर बदलणाऱ्या प्रणालींचे वर्तन मांडण्यासाठीच होत्या. प्रोलॉग १९७२च्या सुमारास मार्सेयमध्ये अ‍ॅलन कोलमेरोअर आणि फिलिप रूसेल यांच्या हातून, रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या तर्कविषयक कामाच्या आधाराने घडली, आणि तिचा उगम नैसर्गिक भाषेच्या विश्लेषणात होता. एकीच्या केंद्रस्थानी काळ आहे, तर दुसरीच्या शुद्ध रूपात काळ नाहीच. दोन्हींना एकत्र आणण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. १९८३मध्ये एहूद शापिरो आणि अकिकाझू ताकेउची यांनी कॉन्करंट प्रोलॉग या समांतर प्रक्रियांसाठीच्या भाषेत ऑब्जेक्ट म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी एक अखंड प्रक्रिया, अशी मांडणी केली. अवस्था बदलायची तर जुनी पुसायची नाही, पुढच्या आवाहनात (कॉलमध्ये) नवी अवस्था पाठवायची. जपानच्या पाचव्या पिढीच्या संगणक प्रकल्पात ईएसपी नावाची भाषा निघाली. तिच्यात प्रोलॉगला क्लास आणि इनहेरिटन्स जोडले होते आणि सिम्पॉस ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यात लिहिली गेली. त्यामुळे हे मिश्रण शक्य आहे का, हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. आपल्यासमोर उरतो तो रचनेचा प्रश्न.

आता धोका नेमका कुठे आहे ते पाहू. समजा, प्रत्येक सर्व्हरचा ऑब्जेक्ट तुम्ही प्रोलॉगमध्येच ठेवला आणि त्याची अवस्था असर्ट-रिट्रॅक्टने, म्हणजे विधाने घालण्या-काढण्याच्या आज्ञांनी, बदलत राहिलात. ‘स्विच तीन बंद करून पाहू आणि नेटबँकिंग पडते का ते विचारू’ अशी क्वेरी तुम्ही लिहिता: आधी ‘चालू’ हे विधान काढून टाकायचे, मग प्रश्न विचारायचा, आणि शेवटी विधान परत घालायचे. मधला प्रश्न असफल झाला, म्हणजे नेटबँकिंग पडत नाही असे निघाले, की प्रोलॉग मागे फिरते. पण मागे फिरताना ते फक्त चलांना (व्हेरिएबलना) दिलेली मूल्ये सोडवते, काढून टाकलेले विधान परत आणत नाही. विधान परत घालणारी तिसरी पायरी कधी गाठलीच जात नाही. परिणाम असा, की उत्तर बरोबर आले तरी स्विच मॉडेलमध्ये बंदच राहिला, आणि त्यानंतरची प्रत्येक क्वेरी या न घडलेल्या बिघाडाच्या पायावर उत्तरे देते. सर्वांत वाईट म्हणजे क्वेरी कोणत्या क्रमाने चालवल्या यावर निकाल बदलू लागतो, आणि असा दोष शोधताना माणूस मेटाकुटीला येतो. लॉगटॉकमध्येही ऑब्जेक्टची बदलती अवस्था अशाच डायनॅमिक विधानांत राहत असल्याने, केवळ तिकडे गेल्याने हा प्रश्न सुटत नाही.

उलट बाजूनेही तोच घोळ होतो. काही जण विधाने तयार करण्याऐवजी नियमातून थेट जावा ऑब्जेक्टच्या गेटर, म्हणजे माहिती वाचून देणाऱ्या मेथड बोलावतात. हे दिसायला सुटसुटीत असते, पण मागे फिरून पुन्हा प्रयत्न करणे हा प्रोलॉगचा स्वभाव असल्याने तोच गेटर एका उत्तरासाठी शेकडो वेळा बोलावला जाऊ शकतो. त्या गेटरच्या पोटात एखादी डेटाबेस क्वेरी दडलेली असेल किंवा दोन आवाहनांच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने (समांतर चाललेल्या कामाने) ऑब्जेक्ट बदलला असेल, तर एकाच उत्तराच्या दोन पायऱ्या दोन वेगळ्या जगांबद्दल बोलत असतात.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. जावा ऑब्जेक्ट हेच माहितीचे घर राहू द्यावे: ओळख, जडणघडण, वैधता आणि बदल या गोष्टी क्लासकडेच असाव्यात. आयात पूर्ण झाली की प्रत्येक क्लासने आपली स्थिती साध्या, सपाट विधानांत लिहून द्यावी. त्या संपूर्ण संचाला एक आवृत्ती क्रमांक द्यावा आणि तो गोठवावा. लॉजिकच्या इंजिनाने फक्त हा गोठवलेला संच वाचावा, त्यात काहीही लिहू नये, आणि उत्तर म्हणून घटकांचे ओळख क्रमांक व त्यामागचे कारण परत द्यावे. उत्तरावरून मॉडेलमध्ये बदल करायचा असेल तर तो ऑब्जेक्टच्या मेथडमधून, नेहमीच्या तपासण्या पार करूनच व्हावा. ‘असे झाले तर’ या जातीच्या प्रश्नांसाठी विधाने काढायची नाहीत. परिस्थितीला नाव द्यायचे आणि ते नियमात वागवायचे.

प्रत्यक्षात हे असे दिसते. इथे अधोरेषेने सुरू होणारे नाव म्हणजे चल, ‘:-’ म्हणजे ‘जर’, नियमातला स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’, आणि [_क | _बाकी] म्हणजे यादीतला पहिला व उरलेले. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे प्रोलॉगमध्ये मराठी नावे वापरताना हाच मार्ग उरतो.

आधार(नेटबँकिंग, खातेसेवा).
आधार(खातेसेवा, डेटाबेसगट).
गट(डेटाबेसगट, [डेटाबेस_१, डेटाबेस_२]).
आधार(डेटाबेस_१, सर्व्हर_१७).
आधार(डेटाबेस_२, सर्व्हर_४१).
आधार(सर्व्हर_१७, स्विच_३).
आधार(सर्व्हर_४१, स्विच_३).
बंद(परिस्थिती_७, स्विच_३).

पडते(_प, _घ) :- बंद(_प, _घ).
पडते(_प, _घ) :- आधार(_घ, _आ), पडते(_प, _आ).
पडते(_प, _घ) :- गट(_घ, _यादी), सगळे_पडले(_प, _यादी).

सगळे_पडले(_, []).
सगळे_पडले(_प, [_क | _बाकी]) :- पडते(_प, _क), सगळे_पडले(_प, _बाकी).

तीन नियम, एक छोटा मदतनीस, आणि तुमच्या विखुरलेल्या मेथडचे बरेचसे काम इथे एका जागी आले. यातला गटाचा नियम मुद्दाम लक्षात घ्या. पर्यायी प्रती असलेली सेवा तेव्हाच पडते जेव्हा तिची प्रत्येक प्रत पडते, आणि हे लिहिताना ‘एकही प्रत जिवंत नाही’ असा नकार वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘पडते’ची व्याख्या ‘जिवंत नाही’ने आणि ‘जिवंत’ची व्याख्या ‘पडत नाही’ने केली, की नकार वर्तुळात अडकतो आणि अशा नियमांचा अर्थ काय लावायचा हाच एक स्वतंत्र अभ्यासविषय होऊन बसतो. गटाची पूर्ण यादी विधानातच दिली तर नकाराची गरज राहत नाही.

नियम इतके सरळ असूनही ते साध्या प्रोलॉगमध्ये तसेच चालवले तर तुमचे टूल कधी ना कधी गोल गोल फिरत बसेल, कारण खऱ्या डेटा सेंटरमध्ये आधारांची वर्तुळे असतात: डेटाबेसगटाला पासवर्ड देणारी सेवा लागते, आणि त्या सेवेचा स्वतःचा डेटाबेस त्याच गटावर चालतो. यावर उपाय टेबलिंग, म्हणजे प्रश्न आणि त्यांची उत्तरे टिपून ठेवणे. एक्सएसबी या प्रोलॉग इंजिनाने ते प्रचारात आणले, एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्येही ते आहे. ‘पडते’ या विधेयासाठी ते चालू केले की आधी विचारलेला प्रश्न पुन्हा समोर आला तर इंजिन त्यात नव्याने शिरत नाही, आणि संच मर्यादित असल्याने क्वेरी नक्की थांबते.

पण वर्तुळांचा खरा धडा निराळाच आहे, आणि या विषयात लॉजिकने माझ्या कामात सर्वांत जास्त भर घातली असेल तर ती इथे. वरचे नियम ‘कारण असेल तरच पडते’ असे म्हणतात. एकमेकींवर टेकलेल्या दोन सेवा घ्या: बाहेरून काही बंद केले नाही तर या नियमांनुसार दोन्ही उभ्या राहतात, आणि चालू प्रणालीसाठी हे उत्तर बरोबर आहे. आता व्याख्या उलटी करा: ‘ज्याचे सगळे आधार उठले आहेत ते उठते’. त्याच दोन सेवा आता कधीच उठत नाहीत, कारण प्रत्येक दुसरीची वाट पाहते. दोन्ही व्याख्या योग्य आहेत, पण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिली सांगते की चाललेले काय थांबेल. दुसरी सांगते की सगळे थांबल्यावर शून्यातून काय सुरू होईल. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या. देखभालीच्या एका आदेशाने डेटा सेंटरांना जोडणारे कण्याचे नेटवर्क तुटले, त्यामुळे डीएनएस सर्व्हरनी (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरनी) आपले मार्ग जाहीर करणे थांबवले, आणि बिघाड शोधून दुरुस्त करण्याची अंतर्गत साधनेही डीएनएसअभावी निकामी झाली. दुरुस्तीचे साधन आपणच ज्यावर टेकलेले आहे त्याच्याच दुरुस्तीसाठी लागते, हे वर्तुळ ‘पडते’च्या तपासणीत सहसा नजरेत भरत नाही, ‘उठते’च्या तपासणीत ते पहिल्या झटक्यात उघडे पडते. तुमच्या टूलमध्ये दोन्ही व्याख्या वेगळ्या नावांनी ठेवा. ज्या मेथडचे नाव नुसते ‘उपलब्ध आहे का’ असे असते, तिच्या पोटात हे दोन अर्थ बहुतेक वेळा एकमेकांत मिसळलेले आढळतात.

पुढचा मुद्दा वर्गीकरणाचा. जावामध्ये ऑब्जेक्ट जन्माला येतानाच त्याचा क्लास ठरतो आणि तो मरेपर्यंत बदलत नाही. स्विच स्विचच राहतो, तेव्हा हे ठीक आहे. पण ‘ग्राहकाच्या कार्डाची माहिती ज्याच्यावरून जाते असा सर्व्हर’ किंवा ‘ज्याचा हमीचा काळ संपला आहे असा सर्व्हर’ हे गट परिस्थितीने मिळतात आणि परिस्थितीनेच जातात, शिवाय एकच सर्व्हर दोन्हींत एकाच वेळी असू शकतो. त्यांच्यासाठी सबक्लास काढणे, किंवा मूळ क्लासमध्ये खरे-खोटेचे झेंडे वाढवत जाणे, ही दोन्ही दुखण्याची सुरुवात असते. कोडमधले सुरक्षादोष शोधणाऱ्या कोडक्यूएलच्या क्यूएल भाषेने यावर फार सुरेख तोडगा काढला आहे. तिचा पाया डेटालॉगसारखा आहे, तरी तिच्यात क्लास, इनहेरिटन्स आणि मेथड आहेत. फरक एवढाच की तिथे क्लास म्हणजे एक अट असते. जी मूल्ये ती अट पूर्ण करतात ती त्या क्लासची, मग ती आणखी दहा क्लासमध्ये असली तरी हरकत नाही. नवा ऑब्जेक्ट निर्माण करणे असा प्रकारच तिथे नाही. लॉजिक आणि ऑब्जेक्ट यांचा माझ्या मते आजवरचा सर्वांत सरस मेळ हाच. तुम्ही क्यूएल वापरणार नाही, कारण ती भाषा कोडच्या विश्लेषणासाठी आहे, पण विभागणी तीच ठेवू शकता: जन्मजात प्रकार जावामध्ये, परिस्थितीने मिळणारे प्रकार नियमांमध्ये.

आता नकाराकडे वळू, कारण तो पूर्णपणे टाळता येत नाही. ‘या सर्व्हरला दुसरी वीजजोडणी नाही’ असे प्रोलॉग म्हणते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की दुसऱ्या वीजजोडणीचे विधान त्याला सापडले नाही. कीथ क्लार्क यांनी १९७८मध्ये या वागण्याला नीट तार्किक अर्थ दिला. तो मान्य करण्याची किंमत म्हणजे तुमची माहिती पूर्ण आहे असे मानणे. इन्व्हेंटरी (यंत्रसामग्रीची नोंदवही) पूर्ण असते असे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. वरच्याच उदाहरणात पाहा: रिकाम्या यादीचा नियम म्हणतो की सदस्य नसलेला गट पडलेला आहे, जे वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे, पण माहिती गोळा करणारी स्क्रिप्ट मध्येच थांबल्याने यादी रिकामी आली असेल, तर अहवालात अर्धी बँक आडवी झालेली दिसेल. म्हणून प्रत्येक आयातीने आपण कोणत्या भागाची माहिती पूर्णपणे आणली आहे, हेदेखील एक विधान म्हणून लिहावे, म्हणजे रॅक चारच्या वीजजोडण्या पूर्ण, रॅक पाचच्या अपूर्ण, असे. नकार वापरणाऱ्या प्रत्येक नियमाने आधी पूर्णतेचे विधान तपासावे आणि ते नसेल तर ‘माहीत नाही’ हे तिसरे उत्तर द्यावे. दुसऱ्या टोकाला जाऊन आउल ही वेब ऑन्टॉलॉजी भाषा घेतली, तर तिथे माहिती अपूर्ण असल्याचेच गृहीत असते, आणि त्याचे वेगळे चटके बसतात: ‘सर्व्हरला जास्तीत जास्त एक वीजजोडणी’ असे सांगून दोन जोडण्यांची नोंद दिलीत, आणि त्या दोन वेगळ्या आहेत असे स्वतंत्रपणे सांगितले नाहीत, तर ती चूक दाखवत नाही; त्या दोन नोंदी एकाच जोडणीच्या असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष काढून मोकळी होते. तपासणीच्या टूलसाठी हे वागणे सोयीचे नाही.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: बदल ऑब्जेक्टकडे, संबंधांवरचे नियम लॉजिककडे, मध्ये गोठवलेली आणि क्रमांक दिलेली विधाने, आणि ‘नाही’ म्हणण्याआधी पूर्णतेची खात्री. आता साधनांकडे येतो.

ड्रूल्सची रचना चार्ल्स फोर्गी यांच्या रीट या नियम जुळवण्याच्या अल्गोरिदममधून आलेली आहे. ते जावा ऑब्जेक्टवर थेट चालते म्हणून जावाच्या टीमला चटकन आपलेसे वाटते, आणि ‘घटना घडली की कृती करा’ अशा कामांना ते चांगलेच आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ऑब्जेक्टचे एखादे फील्ड बाहेरून बदलले आणि इंजिनाला ते कळवले नाही, तर इंजिन जुन्याच जुळण्या धरून बसते. म्हणजे क्षणाचा प्रश्न इथेही आहे, फक्त झाकलेला. दुसरे म्हणजे नियमातून वस्तुस्थिती बदलता येत असल्याने नियमांचा क्रम, प्राधान्य या गोष्टी हळूहळू डोके वर काढतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हॅक्स संगणकांची मांडणी ठरवण्यासाठी वापरलेली एक्सकॉन ही प्रणाली याच पंथातली, ओपीएस५ या नियमांच्या भाषेत लिहिलेली. तिने काम उत्तम केले, पण नियम हजारोंच्या घरात गेल्यावर त्यांची निगा राखणे हाच एक मोठा उद्योग झाला. तुमचे प्रश्न ‘काय खरे आहे’ या जातीचे आहेत, ‘काय करू’ या जातीचे नाहीत, म्हणून मी ड्रूल्स घेणार नाही.

लॉगटॉकबद्दल मला आदर आहे. पाउलू मोरा ती १९९८पासून वाढवत आहेत. ती अनेक प्रोलॉग इंजिनांवर चालते, आणि ऑब्जेक्ट, प्रोटोकॉल व कॅटेगरी या तिच्या सोयींनी मोठा नियमसंच नीट बांधता येतो. तुमचे नियम काही शेकड्यांवर गेले आणि टीममध्ये प्रोलॉग मुरले, तर नियमांचा भाग तिच्यात नेण्याचा विचार करा. जावामध्ये सुस्थितीत असलेला आयातीचा, साठवणीचा आणि पडद्यांचा भाग मोडून तिच्यात लिहिण्यात मात्र मला काहीच लाभ दिसत नाही. अलॉय हे मांडणी तपासण्याचे टूल वेगळ्या कामाचे आहे: तिथल्या सिग्नेचर क्लाससारख्या दिसतात, त्यांच्यावर संबंधांचे तर्कशास्त्र चालते आणि टूल लहानशा मर्यादेत प्रतिउदाहरण शोधून देते. नवी मांडणी कागदावर असतानाच ती तपासायला ते वापरा. हजारो सर्व्हरची इन्व्हेंटरी त्यात ओतू नका.

लॉजिक कुठे थांबवावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण बॅटफिशचे आहे. नेटवर्कच्या कॉन्फिगरेशन फाइली वाचून नेटवर्क कसे वागेल ते सांगणारे हे टूल २०१५मध्ये मांडले गेले तेव्हा त्यात राउटिंगची गणना डेटालॉगमध्ये होती. पुढे बॅटफिशच्या कर्त्यांनी ती गणना काढून जावामध्ये थेट अल्गोरिदम लिहिले. वेग आणि गणनेच्या क्रमावरचे नियंत्रण ही त्यामागची मोठी कारणे होती. बीजीपी या मार्ग ठरवण्याच्या प्रोटोकॉलमधले मार्ग ठरतात ते राउटरच्या आपापसांतल्या, क्रमाने होणाऱ्या देवाणघेवाणीतून, आणि अशा गोष्टीला कालहीन नियमांच्या साच्यात बसवणे म्हणजे हात पाठीमागून फिरवून घास घेणे. याउलट २००५मध्ये प्रिन्स्टनमधून आलेले मलव्हॅल पाहा: कोणत्या मशीनवर कोणता दोष आहे आणि कोण कोणापर्यंत पोहोचू शकतो ही विधाने घेऊन, हल्लेखोर कुठवर शिरू शकेल हे ते डेटालॉगच्या नियमांनी काढते, आणि सिद्धतेची पायरीन् पायरी हाच हल्ल्याचा मार्ग म्हणून हाती येतो. दोन्हींचे क्षेत्र नेटवर्कचेच, पण एकात प्रक्रिया आहे आणि दुसऱ्यात पोहोच.

तुमच्या सिम्युलेशनचे उत्तर यातच आले. रांगा, प्रतीक्षावेळ, दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या हे सगळे काळाबरोबर बदलणारे असल्याने ते ऑब्जेक्टकडेच राहू द्या. सिम्युला ज्यासाठी जन्मली तेच हे काम आहे. लॉजिकचा उपयोग सिम्युलेशनच्या दोन्ही टोकांना करा: सुरुवातीला मांडणी वैध आहे का ते तपासण्यासाठी आणि चालवण्याजोग्या बिघाडांच्या परिस्थिती निवडण्यासाठी, शेवटी निघालेल्या घटनांच्या नोंदींना प्रश्न विचारण्यासाठी. सिम्युलेशनच्या घड्याळाच्या प्रत्येक टिकला नियमांचे इंजिन बोलावणारी रचना मी पाहिली आहे. ती चालते, पण तिच्याकडे बघत चहाचे दोन कप सहज होतात.

जावा आणि एसडब्ल्यूआय-प्रोलॉग यांच्यामध्ये जेपीएल हा पूल आहे. तो वापरताना एकेका ऑब्जेक्टसाठी सीमा ओलांडू नका, विधानांची फाइल एकदम चढवा आणि उत्तरांचा संच एकदम घ्या. उघडलेली क्वेरी अर्ध्यावर सोडायची असेल तर ती बंद केल्याची खात्री करा. दोन्ही बाजूंना घटकाची ओळख एकच हवी, आणि ती आयपी पत्ता किंवा होस्टनेम नसावी, कारण सर्व्हर बदलला तरी ही नावे मागे राहतात आणि जुन्या संचातले उत्तर नव्या यंत्राला चिकटते. उत्तरासोबत सिद्धतेचा मार्ग द्याच: ‘नेटबँकिंग पडते, कारण खातेसेवा पडते, कारण डेटाबेसगटातील दोन्ही प्रतींचे सर्व्हर स्विच तीनवर आहेत’ असे वाक्य ऑपरेशन्सच्या माणसाला दिसले, की तो नियमावर विश्वास ठेवतो, किंवा तो कुठे चुकला हे तुम्हाला तिथल्या तिथे सांगतो.

सुरुवात प्रतींच्या रॅकवाल्या नियमापासून करा, कारण तो लहान आहे, बिनमालकीचा आहे आणि त्याची जावामधली उत्तरे तुमच्याकडे आधीच आहेत. काही आठवडे दोन्ही बाजू शेजारी शेजारी चालवा आणि जिथे निकाल जुळत नाहीत तिथे थांबून पाहा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा नियम चुकलेला असतो आणि निम्म्या वेळा जुन्या मेथडमध्ये कोणाला ठाऊक नसलेला एखादा अपवाद सापडतो. तो अपवाद खरेच हवा आहे का, हे ज्याने तो सांगितला असेल त्या ऑपरेशन्सच्या माणसाला विचारून मगच पुढचा नियम हाती घ्या.